बर्कले-यूसीएलएने फ्रेशमनला नाकारलं, आता कम्युनिटी कॉलेजातून ट्रान्सफर खरंच मिळते का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे मुलगा फ्रीमॉन्टला हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात, कॉम्प्युटर सायन्स हवंय, यूसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, तिच्या बर्कले, यूसीएलए, सॅन डिएगो या तिन्ही कॅम्पसकडून फ्रेशमन म्हणजे पहिल्या वर्षाच्या प्रवेशाला नकार आलाय, यूसीच्याच रिव्हरसाइडला मिळालंय पण दुसऱ्याच मेजरला म्हणजे मुख्य विषयाला, आणि बाहेरच्या राज्यातलं एक कॉलेज घ्यायला तयार आहे पण वर्षाचा खर्च साठ हजार डॉलर. मिस्टर म्हणतात एक वर्ष तिकडे काढू दे मग ट्रान्सफर घेऊन परत येईल, तुमच्या मनात कम्युनिटी कॉलेज, म्हणजे पहिली दोन वर्षं शिकवणारं स्वस्त सरकारी कॉलेज, आहे पण पुण्यात सासूबाईंना काय सांगायचं हा प्रश्न, आणि मुलगा खोलीतून बाहेर येत नाहीये. मी चौदा वर्षं बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात ट्रान्सफर काउन्सेलर आहे, दर एप्रिल-मे मध्ये माझ्यासमोरच्या खुर्चीत अशीच मुलं येऊन बसतात, त्यामुळे जरा लांबण लागली तरी सगळं सांगते.

आधी मिस्टरांचा बेत, कारण तिथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. यूसीमध्ये ट्रान्सफरला रांग असते आणि त्या रांगेत कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजची मुलं सगळ्यात पुढे उभी असतात, दुसऱ्या चार वर्षांच्या कॉलेजमधून येणारी, मग ते कितीही नावाजलेलं का असेना, त्यांच्या मागे. ट्रान्सफर घेऊन यूसीत येणाऱ्या दहातली नऊ मुलं कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजातलीच असतात. शिवाय यूसीला ट्रान्सफरची मुलं तिसऱ्या वर्षाला हवी असतात, म्हणजे साठ सेमिस्टर युनिट किंवा नव्वद क्वार्टर युनिट पूर्ण करून (युनिट म्हणजे कोर्स मोजायचं माप, सेमिस्टर म्हणजे वर्षाला दोन टर्म, क्वार्टर म्हणजे तीन). एका वर्षात एवढी युनिट होतच नाहीत, म्हणजे 'एक वर्ष तिकडे काढून परत' हा रस्ता मुळात जवळपास नाहीच. आमच्या नात्यातल्या एका मुलाने हेच केलं, बाहेरच्या राज्यात गेला, दोन वर्षांत लाखभर डॉलर गेले, मार्क उत्तम होते, तरी हवं ते मिळालं नाही कारण रांगेत मागे आणि निम्म्या कोर्सचं इकडे काय धरणार हेच कुणाला नीट सांगता येईना. मी त्या वेळी या कामात नवीन होते, जोर लावून थांबवलं नाही, ते अजून मनाला लागतं. म्हणून आता कुणी विचारलं की स्पष्टच सांगते. बाहेरच्या राज्यात पाठवायचं तर चारही वर्षं तिथेच काढायची तयारी ठेवून पाठवा.

ही रांग आजची नाही. १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला तेव्हाच ठरलं की कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जायचा रस्ता उघडा ठेवायचा, त्यासाठी जागा राखायच्या, आणि आज यूसीचं उद्दिष्ट असं आहे की दर दोन फ्रेशमनमागे एक ट्रान्सफर विद्यार्थी घ्यायचा. राज्यात अशी ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. त्यामुळे आकडे बघा, यूसीएलएला फ्रेशमनचे अर्ज दीड लाखाच्या आसपास जातात आणि शंभरातल्या साधारण नऊ मुलांना प्रवेश मिळतो, ट्रान्सफरला तोच आकडा पंचविसाच्या आसपास असतो. बर्कलेलाही फरक साधारण तसाच. पण हे सगळ्या मेजरचं मिळून आहे बरं का, कॉम्प्युटर सायन्सचं चित्र वेगळं आहे, त्यावर पुढे येते.

आता मुलाला हे वाचून दाखवा. ट्रान्सफरला यूसी हायस्कूलचे मार्क बघत नाही. नववीत गणितात बी आला होता, अकरावीत लक्ष लागलं नाही, जे काय असेल ते सगळं मागे पडतं, बघतात ते कॉलेजचे कोर्स आणि कॉलेजचा जीपीए, म्हणजे चारपैकी काढलेली मार्कांची सरासरी. सॅट ही प्रवेशपरीक्षा तर यूसी आता प्रवेशासाठी कुणाचीच बघत नाही. एकदा नाकारलं म्हणून फाइलवर काही डाग राहत नाही, दोन वर्षांनी त्याच बर्कलेला अर्ज केला तर तो नवा अर्ज असतो. आणि डिग्रीवर ट्रान्सफर असं कुठेही लिहिलेलं नसतं.

मग अडतं कुठे? घड्याळात. पालक म्हणतात दोन वर्षं आहेत, पहिलं वर्ष जरा रुळू दे. पण हिशोब करा. सप्टेंबरमध्ये कॉलेज सुरू झालं, तर यूसीचा अर्ज पुढच्याच वर्षी नोव्हेंबरअखेर भरायचा असतो, म्हणजे हातात जेमतेम चौदा महिने. अर्ज वाचणाऱ्याला दिसतात पहिल्या वर्षाचे मार्क, असलाच तर उन्हाळ्याचा एखादा कोर्स, आणि जानेवारीत अपडेट भरतो त्यात त्या फॉलचे. बाकी सगळं 'चालू आहे, करणार आहे' असं. म्हणून माझ्याकडे जी मुलं फसतात ती हुशारी कमी म्हणून नाही फसत, पहिल्या तीन महिन्यांत फसतात. नकाराचं दुःख असतं, मित्र सगळे डॉर्ममधले फोटो टाकत असतात, हे घरून गाडीने कॉलेजला जातंय, वाटतं हे काय खरं कॉलेज नाही, आणि त्या पहिल्या क्वार्टरला दोन सी पडतात. ते धुवायला मग अख्खं वर्ष जातं आणि तेवढं वर्ष नसतंच.

कोर्स कुठले घ्यायचे ते मित्राला विचारून किंवा मंडळातल्या कुणाच्या मुलाने काय घेतलं ते बघून ठरवू नका. असिस्ट डॉट ऑर्ग म्हणून राज्याचीच साइट आहे, तिथे तुमचं कम्युनिटी कॉलेज, हवं ते विद्यापीठ आणि मेजर टाकलं की कुठला कोर्स तिकडच्या कुठल्या कोर्सच्या जागी धरला जाईल हे समोर येतं. पाच कॅम्पसला अर्ज करायचा असेल तर पाचही काढा, प्रिंट करा, एकमेकांशेजारी ठेवून खुणा करा. मी अजूनही मुलांना कागदावरच करायला लावते, कारण स्क्रीनवर बघितलं की 'शिफारस' आणि 'आवश्यक' यातला फरक डोळ्याखालून निघून जातो. आणि बर्कले-यूसीएलएसारख्या ठिकाणी नुसतं शिफारस लिहिलेलं असलं तरी ते आवश्यकच समजायचं. २०२५ पासून काही कोर्सना सगळ्या कम्युनिटी कॉलेजांत सारखे नंबर द्यायला सुरुवात झालीय, त्यामुळे कुणी जुना कोर्स नंबर सांगितला तर पुन्हा तपासून घ्या.

कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंगवाल्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे सोपे कोर्स आधी उरकायचे. एक मुलगी होती, अतिशय कष्टाळू, घरच्यांनी सांगितलं आधी जनरल एज्युकेशन संपव, जीपीए वर राहील, तिने इतिहास, मानसशास्त्र, कला असं सगळं चकाचक ए मध्ये संपवलं. दुसऱ्या वर्षी गणित-फिजिक्स घ्यायला गेली तर कळलं की ते साखळीसारखं आहे, कॅल्क्युलसचा पहिला कोर्स झाल्याशिवाय फिजिक्सचा पहिला नाही, तो झाल्याशिवाय दुसरा नाही, प्रोग्रामिंगचं तसंच, डेटा स्ट्रक्चर्सपर्यंत पोचायला दोन कोर्स आधी लागतात. साखळी सहा टर्मची आणि तिच्याकडे उरल्या होत्या तीन. एक वर्ष जास्त थांबावं लागलं तिला. म्हणून पहिल्या दिवसापासून गणित आणि मेजरचे कोर्स, आणि जनरल एज्युकेशनचा एखादा प्रत्येक टर्ममध्ये सोबतीला. तरीही एक अट सगळ्यांनाच असते, इंग्लिश कॉम्पोझिशनचे दोन कोर्स, गणिताचा एक, आणि कला, सामाजिक शास्त्रं, विज्ञान यातल्या किमान दोन गटांतून चार, असे सात. ते वेळेत बसले नाहीत तर बाकी सगळं असून अर्ज बाद होतो. इंग्लिश तर पहिल्या वर्षातच संपवून टाका, आपली मुलं गणिताच्या नादात नेमकं तेच मागे ठेवतात.

अजून एक, सिरीज म्हणजे एकाच विषयाचे एकामागून एक येणारे कोर्स, ती एकाच कॉलेजात पूर्ण करायची. तुम्ही फ्रीमॉन्टला म्हणजे ओलोनी कम्युनिटी कॉलेज जवळ, तिथे सेमिस्टर असतात, आणि मुलं डी अँझाला पण जातात, तिथे क्वार्टर. दोन्ही चांगले. पण कॅल्क्युलसचे दोन डी अँझाला आणि उरलेलं ओलोनीला असं केलं तर मधला काही भाग दोनदा होतो, काही होतच नाही, आणि विद्यापीठ म्हणतं सिरीज अपूर्ण. हायस्कूलमध्येच दिलेल्या एपी कॅल्क्युलस परीक्षेचा चांगला स्कोअर असेल तर सुरुवातीचे कोर्स सुटू शकतात, ते प्रत्येक कॅम्पसचं वेगळं असतं, बघून घ्या.

टॅगबद्दल तुम्ही विचारलंय. टॅग म्हणजे ट्रान्सफरची हमी, ठरलेले कोर्स आणि ठरलेला जीपीए आणला तर प्रवेश पक्का. सहा कॅम्पस देतात, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. बर्कले, यूसीएलए, सॅन डिएगो देत नाहीत. टॅग एकाच कॅम्पसला करता येतो, अर्ज सप्टेंबरमध्ये, म्हणजे मुख्य अर्जाच्याही आधी, आणि तो महिना गेला की गेला. टॅग केला म्हणून बाकीच्यांना अर्ज करता येत नाही असं नाही, सगळीकडे करा, टॅग म्हणजे पायाखालची जमीन. पण सगळे मेजर टॅगमध्ये नसतात, उदाहरणार्थ सांता बार्बराचं इंजिनिअरिंग कॉलेज टॅग देत नाही आणि तिथे कॉम्प्युटर सायन्स त्यातच येतं. बाकीच्यांचंही दरवर्षी बदलतं, जीपीएची रेषा वर सरकते, म्हणून त्या वर्षीचा तक्ताच बघायचा, दोन वर्षांपूर्वीच्या ताईच्या मुलाचा अनुभव नाही.

आता कॉम्प्युटर सायन्सचं स्पष्ट बोलते. यूसीएलए आणि बर्कलेला या मेजरला ट्रान्सफरमधूनही फार थोड्या मुलांना घेतात, ४.० घेऊन आलेल्या मुलांना नकार आलेला मी बघितलाय, दर वर्षी बघते. त्यामुळे मुलाला 'दोन वर्षं मेहनत कर, बर्कले नक्की' असं वचन घरात कुणीही देऊ नका, एकदा मोडलंय ते पोर, दुसऱ्यांदा तसं नको. जे म्हणता येतं ते असं की मेहनत केली तर एखाद्या चांगल्या यूसीत त्याच्या आवडीच्या विषयात तो जवळजवळ नक्की पोचेल, आणि बर्कलेचं दार फ्रेशमनपेक्षा ट्रान्सफरला जास्त उघडं असतं. आणि कॅल पॉली, सॅन होजे स्टेट या यूसीबाहेरच्या सरकारी विद्यापीठांना अर्ज करायला लाजू नका. सॅन होजे स्टेटमधून सिलिकॉन व्हॅलीत किती मुलं जातात ते तुमच्या मिस्टरांना त्यांच्या ऑफिसातच विचारता येईल. एक युक्ती लोक सांगतात की सोप्या मेजरला आत शिरायचं आणि मग कॉम्प्युटर सायन्सला बदलायचं. नका करू. मोठ्या कॅम्पसवर ट्रान्सफरच्या मुलाला आत गेल्यावर असं मेजर बदलायला जवळपास मिळतच नाही. डेटा सायन्स किंवा अप्लाइड मॅथ खरंच आवडत असेल तर जरूर टाका, पण ते शिकायचंय म्हणून टाका.

तुम्ही एच-वन या नोकरीच्या व्हिसावर आहात असं लिहिलंय म्हणून हे मुद्दाम. मुलगा एच-फोरवर, म्हणजे त्यावरच्या कुटुंबाच्या व्हिसावर असेल तर एकविसाव्या वाढदिवसाला ते स्टेटस संपतं. अठराव्या वर्षी कम्युनिटी कॉलेज, विसाव्या वर्षी ट्रान्सफर, म्हणजे एकविसावं नेमकं यूसीतल्या पहिल्या वर्षात येतं. तेव्हा एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो आणि त्याचा फीवर परिणाम होऊ शकतो, कॅलिफोर्नियाचे रहिवासी न धरलेल्यांना यूसीत वर्षाला तीस हजार डॉलरहून जास्त वेगळी फी असते. तुमच्या केसमध्ये काय लागू होईल ते वकिलाला आणि विद्यापीठाच्या रेसिडेन्सी ऑफिसला आत्ताच लेखी विचारा, तिसऱ्या वर्षाच्या मध्यात नको. माझ्याकडच्या दोन मराठी घरांवर हे अचानक आलं, फार ओढाताण झाली.

पैशाचं सोपं आहे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला ४६ डॉलर, साठ युनिटचे म्हणजे दोन वर्षांचे २,७६०, वर पुस्तकं आणि पार्किंग धरा.  यूसीची नुसती ट्युशन वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास, राहणं-खाणं वेगळं. वाचलेले पैसे पुढे मास्टर्सला कामी येतात.

निबंधांबद्दल थोडंसं. ट्रान्सफरला चार उत्तरं लिहायची असतात, एक सक्तीचं, की मेजरसाठी तयारी कशी केली, आणि सातातली तीन निवडून, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत. मुलं तिथे लिहितात लहानपणापासून बर्कलेचं स्वप्न होतं, नकार आला, खचलो, उठलो. वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. त्यापेक्षा मॅथ ट्युटरिंग सेंटरमध्ये आठवड्याला सहा तास बसून वयाने दुप्पट असलेल्या माणसाला अपूर्णांक शिकवले आणि शिकवताना स्वतःला काय उमगलं, असं एक मुलगा लिहून गेला, साध्या इंग्रजीत, ते मला आजही आठवतं. दुकानात नोकरी करत असेल तर तेही लिहावं, आपल्याकडे ते लपवतात. आणि तुम्ही दोघं कृपा करून ते निबंध दुरुस्त करू नका, पंचेचाळीस वर्षांच्या माणसाची भाषा लगेच कळते.

रिव्हरसाइडचं काय, हाही प्रश्न होताच. ते दुसरं मेजर वाचून मुलाचा चेहरा थोडा तरी उजळतो का बघा. उजळत असेल तर पाठवा, यूसीच आहे, नीट शिकवतात. पण तिथून दोन वर्षांनी बर्कलेला उडी मारायची एवढ्यासाठीच जाणार असेल तर नको, यूसीतून यूसीत येणारी मुलंही रांगेत कम्युनिटी कॉलेजच्या मागे, आणि बॅग भरूनच बसलेला मुलगा तिथे मित्र करत नाही, अभ्यासही धड होत नाही. अपील करायचं म्हणताय तर त्यात नवीन आणि ठोस काहीतरी लागतं जे अर्जात नव्हतंच, नुसतं 'पुन्हा विचार करा' म्हणून उपयोग नाही, फार क्वचित बदलतं. करायचं असेल तर करा पण त्यावर उन्हाळा टांगून ठेवू नका.

सासूबाईंना 'ज्युनियर कॉलेज' हा शब्द वापरू नका एवढंच, कारण आपल्याकडे तो अकरावी-बारावीचा, त्यांना वाटेल नातू मागे गेला. त्यांना डिप्लोमाचं सांगा. दहावीनंतर पॉलिटेक्निकला जाऊन, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला गेलेलं कुणी ना कुणी प्रत्येक घरात असतं, आणि वर्कशॉपमध्ये हात काळे केलेली ती मुलं बऱ्याचदा बारावीवरून आलेल्यांना पुरून उरतात, हे पुण्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. हे तसंच, फक्त थेट तिसऱ्या वर्षाला. आणि गणपतीत मंडळात कुणी विचारलं 'कुठे घेतलं?' तर कॉलेजचं नाव सांगा, पूर्ण, मान वर करून. तुमचा आवाज पडला की पोराचा पडतो, मी खुर्चीत समोर बसलेल्या कितीतरी मुलांकडून ऐकलंय, की नकारापेक्षा आईने फोनवर कुजबुजत सांगितलं ते जास्त लागलं.

आत शिरल्यावर पहिली टर्म जड जाते, हे त्याला आधीच माहीत असू दे. यूसीत जीपीए पुन्हा शून्यापासून सुरू होतो, कम्युनिटी कॉलेजचे ए तिथे धरले जात नाहीत, आणि बाकीची मुलं दोन वर्षं तिथेच मुरलेली असतात. त्या टर्मला कोर्स जरा कमी घ्यावेत. यूसीएलएमध्ये ट्रान्सफरच्या मुलांना दोन वर्षं राहायची जागा हमखास देतात, ती घ्यावी, पैसे वाचवायला लांब राहू नये, मित्र तिथेच होतात.

आत्ता या आठवड्यात काय करायचं तर ओलोनी आणि डी अँझा दोन्हीकडे अर्ज भरून टाका, फुकट असतो, नोंदणीची तारीख बघून ठेवा कारण नवीन मुलांचा नंबर शेवटी लागतो आणि कॅल्क्युलस, फिजिक्सचे वर्ग भराभर भरतात. मग ट्रान्सफर काउन्सेलरची वेळ घ्या. तिथे त्याला एकट्याला जाऊ द्या. कायद्याने कॉलेजात गेल्यावर त्याच्या परवानगीशिवाय आम्हाला तुमच्याशी त्याच्या मार्कांबद्दल बोलताही येत नाही, अठराचा नसला तरी. असिस्टचे प्रिंट त्याच्या हातात द्या आणि तुम्ही बाहेर गाडीत थांबा. साधारण अर्ध्या तासाने बाहेर येईल, तेव्हा लगेच काय झालं ते विचारू नका, त्याला भूक लागलेली असेल.